बर्फातला रफार

दांडीच्या बर्फ कारखान्यावर, माडीवर आमचं ऑफिस.
खालून दिवसभर अमोनियाचा वास
आणि लाद्या फुटण्याचा आवाज.
तिघं मिळून मासळीच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर करतो:
डिझेल, बर्फ, टोपल्या, उधारी,
आणि दिगंबर गिरकरांचं ते गणित,
जे सुरमईचा उद्याचा भाव आजच सांगतं.
निदान चारातून तीनदा.

गणित बघायला कुणाला मिळत नाही.
अकरा वर्षं लिलावात उभं राहून
वहीत आकडे मांडून जमवलेलं.
बायकोलाही सांगितलं नाही, म्हणतात.
बायको म्हणते, मी विचारलंच नव्हतं.

बिल छापायचं काम मात्र आमचं नाही.
ते कुणीतरी, कुठेतरी
लिहून मोकळं सोडलेलं. मी उचललं.
सोबत परवाना होता, लांबलचक.
कोण वाचतं?
सकाळी डेमो होता म्हणून एका रात्री
गणिताच्या पोटातच शिवून टाकलं,
दोन्ही मिळून एकच फाईल.

मग रत्नागिरीच्या सोसायटीचा कागद आला:
तुमच्या मालात दुसऱ्याचं काय काय आहे, लिहून द्या.

तेव्हा वाचला.
मराठीत सांगायचं तर एवढंच:
जसं मिळालं तसं पुढे दे.
आणि ज्यात मिसळलंस, तेही.

"फुकट होतं ना?" गिरकर म्हणाले.
"फुकट नव्हतं. मोकळं होतं."
ते गप्प. खाली एक लादी फुटली.
मला विरजणाचं उदाहरण सुचलं होतं,
शेजारणीकडून चमचाभर आणलं की
अख्खं पातेलं कसं...
पण त्यांचा चेहरा पाहून बोलले नाही.

संध्याकाळी किनाऱ्यावर रापण लागली होती.
दोऱ्यांना माणसं कमी.
चपला वाळूत काढून मीही ओढायला लागले,
का, ते नीट सांगता येणार नाही.
तासाभराने जाळं आलं: पेडवे, थोडा बांगडा,
आणि जेलीफिशच जास्त.
जुवांव पिंटोने वाटे घातले,
होडीचा, जाळ्याचा, मग माणसांचे,
आणि एक पिशवी माझ्यापुढे धरली.
नको हो, मी आपली सहज...
"दोरयेक हात लावलंस मां? मगे वाटो घे.
नको म्हणूचो रिवाज नाय हंयसर."

त्याच्या पाठीमागे ट्रॉलरचे दिवे लागत होते,
त्यांचा माल त्यांच्याच पोटात.
नावं ठेवत नाही. गिरकरांचा पगार मीही खाते.

सतरा दिवस उसवत बसले.
बिल एकीकडे, गणित एकीकडे,
मध्ये जांभ्याचा गडगा
आणि गडग्याला एक बेडं:
पलीकडून नुसते आकडे येतात, साध्या फाईलमधून,
अलीकडे कागद छापला जातो.
एवढं पुरेल का, कणकवलीच्या वकीलबाईंना विचारलं.
वेगळे दिसतात, वेगळे चालतात, म्हणाल्या, बहुधा पुरेल.
त्या "बहुधा"चे पैसे त्यांनी लावले नाहीत.

गणित गिरकरांचं गिरकरांकडे राहिलं.
गडग्याच्या अलीकडचं मी उघडं केलं.
त्यात माझी एक दुरुस्ती होती:
"बर्फ" छापताना रफार सुटायचा
आणि शेजारच्या रकान्यात
रुपयांच्या डोक्यावर जाऊन बसायचा.
दोन वर्षं गिऱ्हाइकं "बफ" विकत घेत होती,
कुणाची तक्रार नाही.
मी तो जागेवर आणला, आणि लपवून ठेवला होता.
रफारात लपवण्यासारखं काय असतं?
दिला पाठवून.

चौथ्या दिवशी नेपाळमधून कुणाचं तरी उत्तर:
आमचा कार्तिक महिना
इतकी वर्षं "कातिक" छापला जात होता.

आज खालच्या कारखान्याचं बिल काढलं.
बर्फ, चार लाद्या.
गिरकरांनी चष्मा कपाळावर सरकवून पाहिलं.
"हे आधीपासून असंच होतं ना?"
मी हो म्हटलं.